पेठेतले जुने फोटो आणि कागद डिजिटल करताना: आधी नोंद, मग स्कॅन

कोल्हापुरात सध्या जवळपास प्रत्येक पेठेत, तालमीत, मंडळात कोणी ना कोणी जुने फोटो गोळा करतंय. ग्रुपवर आवाहन होतं, चार दिवसांत शेदोनशे फोटो जमतात, कोणीतरी ते सगळे पेनड्राइव्हवर घेतं आणि वर्षा-दोन वर्षांनी उघडून बघितलं की फोटो दिसतात, पण त्यातला माणूस कोण, गल्ली कुठली, साल कुठलं, मूळ फोटो कुणाच्या घरात आहे, यातलं काहीच सांगता येत नाही. ज्या आजोबांना माहीत होतं ते तोवर गेलेले असतात. हे वारंवार होतंय आणि जवळपास दरवेळी कारण एकच, क्रम उलटा झालेला असतो. आधी स्कॅन, मग जमलं तर माहिती.

म्हणून खाली पूर्ण क्रम दिलाय. एखादी तालीम, एखादं मंडळ, एखादी गल्ली किंवा फक्त तुमचं स्वतःचं घराणं, कशालाही चालेल. वेळ कमी असेल तर वस्तू कमी घ्या पण टप्पा गाळू नका.

१. तयारी: हद्द ठरवा, माणसं ठरवा, दिवस ठरवा

"आख्ख्या कोल्हापूरचा इतिहास" असं ठरवून सुरू केलेलं काम तिसऱ्या आठवड्यात थांबतं. हद्द छोटी घ्या. एका तालमीचे कुस्ती आणि फुटबॉलचे फोटो, किंवा शाहूपुरीतल्या गूळ व्यापाराच्या जुन्या चोपड्या, किंवा एका गल्लीतली १९८९, २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुराची कागदपत्रं आणि आठवणी. हद्द एका वाक्यात लिहून काढा आणि ते वाक्य नोंदवहीच्या पहिल्या पानावर चिकटवा, कारण लोक प्रेमानं काहीही आणून देतात आणि नाही म्हणायला तेच वाक्य कामाला येतं.

माणसं किमान तीन हवीत. एक बोलणारा, ज्याला पेठेत ओळखतात आणि ज्याच्यासमोर घरातली मोठी माणसं कपाट उघडतील. एक लिहिणारा, ज्याचं अक्षर दुसऱ्याला वाचता येतं. एक स्कॅन करणारा. सगळं एकाच माणसावर टाकलं की सगळ्यात आधी लिहायचं काम मागं पडतं.

दिवस निवडताना पावसाळा टाळा. जून ते सप्टेंबर हवेतल्या दमटपणानं जुने फोटो एकमेकांना चिकटलेले असतात, कागद मऊ पडलेला असतो आणि नदीकाठच्या पेठांत लोकांचं लक्ष पाण्याच्या पातळीकडं असतं. दिवाळीनंतर ते उन्हाळा तापेपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला.

सामान एवढं लागतं:

- ए-फोर आकाराचा फ्लॅटबेड स्कॅनर, म्हणजे काच आणि वर झाकण असलेला. कागद ओढून घेणारा नको.
- मोठ्या कागदांसाठी कॅमेरा, ट्रायपॉड आणि दोन सारखे एलईडी दिवे.
- मऊ ब्रश, पेन्सिली, साधी पट्टी, नायट्राइल हातमोजे.
- ॲसिड-फ्री कागदाची पाकिटं. नाहीच मिळाली तर स्वच्छ, कोरा, पांढरा कागद. वर्तमानपत्राचा कागद अजिबात नको.
- दोन एक्स्टर्नल हार्ड डिस्क, शक्यतो वेगवेगळ्या कंपन्यांच्या.
- एक जाड, शिवलेली नोंदवही. एक्सेल नंतर, वही आधी.

जागा किती लागेल याचा हिशोब आधी करून ठेवा. सहा बाय चार इंचाचा फोटो ६०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ६०० ठिपके), रंगीत मोडमध्ये, टिफ फाईल म्हणून (यात फोटो दाबून छोटा होत नाही) घेतला की साधारण २६ एमबी होतो. ए-फोर पान ३०० डीपीआयला तेवढंच. म्हणजे हजार फोटोंना, एकच बाजू धरली तरी, २६ जीबी. एक टीबीची डिस्क एका पेठेच्या कामाला भरपूर झाली, पण गुगल ड्राइव्हची फुकटातली १५ जीबी मात्र पुरणार नाही.

२. घरात पाऊल टाकण्याआधी: संमती

या टप्प्यावर सगळ्यात जास्त घोटाळे होतात. घरातला नातू उत्साहानं आल्बम देतो आणि पुढच्या आठवड्यात मोठे काका फोन करून विचारतात, कुणाला विचारून नेलं? जुना वाडा असेल, वाटणी झाली नसेल, तर फोटोसुद्धा सामाईक असतात. त्यामुळं पहिल्या भेटीत काहीच उचलायचं नाही. चहा घ्यायचा, काय करतोय ते सांगायचं, आधी झालेल्या कामाचा नमुना दाखवायचा आणि घरात आणखी कुणाला विचारायला हवं ते त्यांनाच विचारायचं.

संमतीपत्र मराठीत, एका पानाचं, मोठ्या अक्षरात. त्यात एवढं असावं: कुठल्या वस्तू (नंबरासकट, नंबर पुढच्या टप्प्यात पडतात), मूळ वस्तू कोणाची आणि कधी परत मिळणार, डिजिटल प्रत कुठं ठेवणार, सगळ्यांना दिसणार की फक्त अभ्यासकांना, देणाऱ्याचं नाव छापायचं की नाही आणि पुढं नको वाटलं तर काढून टाकायला कुणाशी बोलायचं. दोन प्रती, दोन्हींवर सह्या, एक त्यांच्याकडं.

इशारा: जमिनीचे कागद, प्रॉपर्टी कार्ड, खरेदीखत, मृत्युपत्र यांना पहिल्या भेटीत हातसुद्धा लावू नका. ते कितीही जुने आणि मोडी लिपीत लिहिलेले असले तरी त्या घरासाठी ते आजचे कागद आहेत. कोर्टात दावा चालू असू शकतो. विश्वास बसल्यावर ते स्वतःहून दाखवतील, नाही दाखवले तरी काही बिघडत नाही.

हक्कांचा मुद्दा वेगळा. फोटो ज्याच्या घरात आहे तो त्या प्रतीचा मालक, पण कॉपीराइट सहसा छायाचित्रकाराचा किंवा त्याच्या वारसांचा, कधीकधी पैसे देऊन काढून घेणाऱ्याचा. आपल्याकडं लेखन आणि छायाचित्रांना साधारणपणे निर्मात्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं संरक्षण असतं. त्यामुळं फोटोच्या मागचा स्टुडिओचा शिक्का नोंदवणं हे हक्क कळण्यासाठीही लागतं. हक्क कुणाचा ते कळत नसेल तर तसं स्पष्ट लिहा आणि तो फोटो जपून ठेवा, पण खुल्या परवान्याखाली, म्हणजे कुणीही वापरू शकेल असा, टाकू नका.

३. नोंद: वस्तू जागेवर असतानाच

या लेखातला हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा. स्कॅनर अजून पिशवीतच राहू दे.

आधी मूळ रचनेचा मोबाईलवर फोटो घ्या. ट्रंकेत वर काय, खाली काय, कुठले कागद एकत्र बांधलेले, आल्बमच्या कुठल्या पानावर कुठला फोटो. रुमालात बांधलेली कागदांची गठडी असेल तर तो रुमाल हीच एक माहिती असते, कुणीतरी त्या कामाचे कागद म्हणून एकत्र ठेवलेले असतात. "सालाप्रमाणं लावून घेऊ" म्हणून पत्ते पिसल्यासारखे ते एकत्र केले की कुठलं पत्र कुठल्या प्रकरणातलं हे पुन्हा कधी कळत नाही. क्रम तसाच ठेवा, सालाप्रमाणं लावायचं काम एक्सेल एका क्लिकवर करतं.

मग प्रत्येक वस्तूला नंबर. नंबर पाकिटावर लिहा. वस्तूवर लिहायची वेळ आलीच तर मागच्या बाजूला, कोपऱ्यात, मऊ पेन्सिलीनं आणि हलक्या हातानं. बॉलपेन नको, स्टिकर नको, स्टेपल तर नाहीच.

नंबराची पद्धत साधी ठेवा. आपल्याकडं घरपत्त्यात वॉर्ड असतोच, ए वॉर्ड शिवाजी पेठ, बी वॉर्ड मंगळवार पेठ, ई वॉर्ड शाहूपुरी, तोच वापरा. वॉर्डचं अक्षर, देणाऱ्याचा नंबर, वस्तूचा प्रकार, अनुक्रमांक. म्हणजे "ए-००७-फोटो-००१२". देणाऱ्याचं नाव फाईलच्या नावात घालायचं नाही, ते नोंदवहीत.

आता एक फोटो जवळून बघू. समजा शिवाजी पेठेतल्या एका घरातून पोस्टकार्डाएवढा फोटो मिळाला. फेटा बांधलेला पैलवान, खांद्यावर गदा, मागं रंगवलेला पडदा. मागच्या बाजूला स्टुडिओचा जांभळा शिक्का, पेन्सिलीनं "चैत्र शके १८७४" आणि निळ्या बॉलपेननं, दुसऱ्याच अक्षरात, "आण्णा, खासबाग".

घाईत लिहिणारा काय लिहितो? "खासबाग मैदानातील थोर मल्ल, १९७४". तिथं तीन चुका झाल्या. शके १८७४ म्हणजे ७८ मिळवून १९५२ आणि चैत्र म्हणजे मार्च-एप्रिल. मागं रंगवलेला पडदा आहे म्हणजे फोटो स्टुडिओत काढलाय, खासबागेत नाही, खासबाग हे कदाचित कुस्ती मारली ते ठिकाण असेल. आणि दोन अक्षरं वेगळी आहेत, म्हणजे बॉलपेनची ओळ नंतर कुणीतरी आठवून लिहिली असण्याची शक्यता जास्त. "थोर मल्ल" हे तर आपलं मत झालं, ते नोंदीत येत नाही.

नोंद अशी हवी: काय दिसतंय, "फेटा बांधलेला पैलवान, खांद्यावर गदा, स्टुडिओतला उभा फोटो". मागं काय लिहिलंय, जसंच्या तसं, कुठल्या शाईनं तेही. तारीख दोन रकान्यांत, एकात कागदावर आहे तशी, दुसऱ्यात इंग्रजी सालात "मार्च-एप्रिल १९५२, शके वरून". फोटो काढल्याचं ठिकाण: स्टुडिओ, शिक्क्यावरून. संबंधित ठिकाण: खासबाग, मागच्या ओळीवरून. माणूस: "आण्णा", घरच्यांच्या म्हणण्याप्रमाणं कोण. ही माहिती कुणी सांगितली, कधी सांगितली. शेवटचा रकाना लोक हमखास विसरतात आणि दोन घरांतून दोन वेगळी नावं आली की मग कुणाचं धरायचं हेच कळत नाही.

शकात साल बदलतं ते चैत्रात, त्यामुळं पौषाचा शेवट ते फाल्गुन यातली तारीख असेल तर ७८ नाही, ७९ मिळवावे लागतात. जुन्या दरबारी आणि महसुली कागदांत फसली सन येतो, त्यात साधारण ५९० मिळवायचे. खात्री नसेल तर "अंदाजे" लिहा. अंदाजे लिहिण्यात कमीपणा नाही, चुकीचं साल ठामपणे लिहिण्यात आहे.

जागांची नावंही अशीच, दोन रकान्यांत. कागदावर "पॅलेस थिएटर" असेल तर तेच ठेवा आणि शेजारी "आताचं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह". गांधी मैदानाच्या जागी वरुणतीर्थ तळं होतं, कपिलतीर्थ आता मंडई आहे, हे आपल्याला पाठ आहे पण पन्नास वर्षांनी शोधणाऱ्याला नसेल, त्याला दोन्ही नावांनी सापडायला हवं. नाट्यगृहाच्या आतल्या फोटोंना तर ऑगस्ट २०२४ च्या आगीआधीचा की नंतरचा हे लिहायलाच हवं, कारण खांब, छत, खुर्च्या कशा होत्या याचा पुरावा म्हणून उद्या तेच उपयोगी पडतील.

पुढं जाण्याआधी तपासा: वहीतले नंबर आणि पाकिटं मोजून जुळतात का, प्रत्येक नोंदीसमोर सांगणाऱ्याचं नाव आहे का, संमतीपत्रावर हेच नंबर आहेत का. जुळत नसेल तर आजच जुळवा, घरी गेल्यावर जुळत नाही.

४. बोलणं रेकॉर्ड करा, फोटो हातात देऊन

"जुन्या काळी कसं होतं?" असं विचारलं की सगळे एकच सांगतात, फार छान होतं. त्यापेक्षा फोटो हातात द्या आणि बोट ठेवून विचारा, हे दुकान कुणाचं? हा रस्ता आता कुठला? पुराचं पाणी तुमच्या कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं, दाखवा बरं. अशा प्रश्नांना आठवण लगेच हलते.

पंखा बंद, टीव्ही बंद, मोबाईल फ्लाइट मोडवर. रस्त्याकडची खिडकी लावून घ्या. सुरुवातीला तुम्हीच बोला: तारीख, ठिकाण, कोण बोलतंय, कोण विचारतंय आणि रेकॉर्डिंगला परवानगी आहे ना, म्हणजे होकार आवाजातच येतो. वेव्ह फाईल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. मोनोमध्ये तासाला साधारण अर्धा जीबी लागते. ऐकताना कुठल्या मिनिटाला काय आलं याची यादी त्याच आठवड्यात करा, पूर्ण लेखी उतारा नंतर केला तरी चालतो पण यादीशिवाय दोन तासांचं रेकॉर्डिंग कुणीही परत उघडत नाही.

घरात जुन्या कॅसेट असतील तर वाजवण्याआधी वरच्या कडेचे दोन छोटे प्लॅस्टिकचे तुकडे मोडून टाका, म्हणजे चुकून त्यावर रेकॉर्ड होणार नाही. पांढरी बुरशी दिसली तर अजिबात वाजवू नका, टेप आणि मशिन दोन्ही खराब होतात.

५. हाताळणी आणि साफसफाई: जेवढी कमी तेवढी बरी

कागदाला हातमोजे नकोत. स्वच्छ धुतलेले, कोरडे हात बरे, कारण हातमोज्यात कागदाची कड कळत नाही आणि फाटतो. फोटो आणि निगेटिव्हला मात्र नायट्राइल हातमोजे घाला, बोटांचा तेलकटपणा तिथं कायमचा उमटतो.

धूळ मऊ ब्रशनं, मधून बाहेरच्या बाजूला. ओलं फडकं नाही, थुंकी नाही, खोडरबर नाही. फाटलेल्या जागी सेलोटेप लावायचा मोह आवरा, तो पिवळा पडतो, डिंक कागदात उतरतो आणि मग तो काढताना अक्षरंही निघतात. गंजलेल्या टाचण्या सावकाश काढा, न निघणाऱ्या तशाच राहू द्या. काचेला चिकटलेला फ्रेममधला फोटो ओढून काढू नका, काचेसकट स्कॅन करा.

वाळवी किंवा कसर लागलेली वस्तू वेगळ्या पिशवीत, बाकीच्यांपासून लांब.

मोठा इशारा, खास कोल्हापूरसाठी: इथं मूकपटांच्या काळापासून सिनेमा तयार होत आलाय. प्रभात फिल्म कंपनी १९२९ ला इथंच सुरू झाली, १९३३ ला पुण्याला गेली. त्यामुळं जुन्या घरांत, माळ्यावर फिल्मचे डबे निघू शकतात. १९५० च्या आसपासपर्यंत वापरात असलेली नायट्रेट फिल्म अतिशय ज्वालाग्राही असते, पेटली की पाण्यानंही विझत नाही. डबा गंजलेला, आतली फिल्म चिकट किंवा पावडर झालेली, उग्र वास, असं काही दिसलं तर उलगडायची नाही, स्कॅन करायची नाही, दिव्यासमोर धरायची नाही. थंड, हवेशीर जागी, माणसांपासून आणि आगीपासून लांब ठेवा आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाशी संपर्क करा. व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल तर ती ॲसिटेट फिल्म, तिचा धोका आगीचा नाही पण ती झपाट्यानं खराब होत असते, ती आधी घ्या.

६. स्कॅनिंग

आता स्कॅनर बाहेर काढा.

कागदपत्रं ३०० डीपीआय, बारीक किंवा पुसट अक्षर असेल तर ४००. फोटो ६०० डीपीआय. ३५ मिमी निगेटिव्हला २४०० च्या खाली नको आणि त्यासाठी निगेटिव्हमधून आरपार उजेड टाकणारा स्कॅनर लागतो. फोटो ब्लॅक अँड व्हाइट असला तरी रंगीत मोडमध्येच घ्या, पिवळेपणा, डाग, जांभळा शिक्का, पेन्सिल-बॉलपेनचा फरक, हे सगळं रंगातच दिसतं. मूळ प्रत टिफमध्ये, दाखवायची प्रत जेपेगमध्ये. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमधलं ऑटो करेक्शन, डस्ट रिमूव्हल, शार्पन, सगळं बंद.

दोन्ही बाजू स्कॅन करा, मागं काही नसलं तरी. कड कापू नका, चारी बाजूंनी थोडी पार्श्वभूमी दिसू द्या, म्हणजे वस्तू पूर्ण आली हे कळतं. शेजारी पट्टी ठेवा, आकार कळतो.

चोपड्या, इतिवृत्तं, बांधलेली पुस्तकं स्कॅनरवर उलटी दाबू नका, शिवण तुटते. पुस्तक अर्धवट उघडून दोन्हीकडं फोमचे आधार द्या आणि वरून कॅमेऱ्यानं घ्या. कॅमेरा कागदाला समांतर, दिवे दोन्ही बाजूंनी साधारण ४५ अंशांत, फ्लॅश बंद. कुस्तीची मोठी हँडबिलं, सिनेमाची पोस्टरं, नकाशेही असेच. तुकड्यातुकड्यांनी स्कॅन करून जोडलेल्या नकाशात गल्ल्या सरकतात.

मोबाईलचं स्कॅनिंग ॲप वापरू नका असं मी सांगतो तेव्हा लोक नाराज होतात, पण ही ॲप्स कागद पांढराफेक करतात, कडा स्वतःच कापतात आणि पुसट पेन्सिल गायब करतात. मोबाईलशिवाय काहीच नसेल तर साध्या कॅमेऱ्यानं, खिडकीच्या उजेडात, सगळ्यात मोठ्या रिझोल्यूशनला घ्या आणि व्हॉट्सॲपवरून पाठवताना "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवला की तो दाबून छोटा होतो आणि फाईलमधली तारीखही जाते.

मोडी कागदांच्या बाबतीत वाचता येत नाही म्हणून थांबू नका. दोन्ही बाजू, शिक्के, समासातली अक्षरं, सगळं घ्या आणि नोंदीत "मोडी, वाचन बाकी" एवढंच लिहा. वाचून घेतल्यावर लिप्यंतर वेगळ्या फाईलमध्ये, वाचणाऱ्याच्या नावासकट. लिप्यंतर आणि आजच्या मराठीतला अर्थ एकाच परिच्छेदात मिसळू नका.

एआयनं रंग भरलेले, चेहरे गुळगुळीत केलेले फोटो मूळ फोल्डरमध्ये अजिबात येता कामा नयेत. ते चेहरे मशिननं बनवलेले असतात, पणजोबांचे नसतात. कुणाला हौस असेल तर वेगळी कॉपी करावी आणि तिच्यावर तसं लिहावं.

तपासा, रोज संध्याकाळी: त्या दिवसाच्या प्रत्येक दहातली एक फाईल शंभर टक्के मोठी करून बघा. अक्षर फुटतंय का, काचेवरची धूळ रेघ म्हणून येतेय का, नंबर वहीशी जुळतोय का. चूक पहिल्या दिवशी सापडली तर वीस फोटो परत घ्यावे लागतात, महिन्यानं सापडली तर मूळ वस्तू परत गेलेली असते.

७. फाईलचं नाव आणि एक्सेल

फाईलचं नाव वहीतल्याच नंबरानं, इंग्रजी अक्षरांत, मध्ये स्पेस न सोडता. पुढची बाजू आणि मागची बाजू वेगळी कळेल असं शेवटी एक अक्षर. "नवीन फोल्डर", "फायनल", "फायनल २" अशा नावांना जागा नाही.

आता वही एक्सेलमध्ये उतरवा. मराठी युनिकोडमध्येच टाइप करा, म्हणजे ते कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येतं. हे ठासून सांगावं लागतं कारण आपल्याकडं स्मरणिका, पत्रिका, मंडळाचे अहवाल वर्षानुवर्षं डीटीपीवाल्यांकडं जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप झालेत. तो फाँट नसलेल्या कॉम्प्युटरवर ती फाईल म्हणजे नुसती चिन्हं. अशा जुन्या फाईली मिळाल्या तर मूळ जपा, सोबत पीडीएफ काढून घ्या आणि मजकूर युनिकोडमध्ये बदलून एकदा माणसानं वाचून घ्या, जोडाक्षरं हमखास मोडलेली असतात.

एक्सेलची फाईल प्रत्येक प्रतीसोबत, फोटोंच्याच फोल्डरमध्ये हवी. सोबत सीएसव्ही प्रतही ठेवा, ती कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडते.

८. तीन प्रती, त्यातली एक गावाबाहेर

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या ठिकाणी. हा नियम जगभर चालतो, कोल्हापुरात त्याला एक जोड हवी: दोन्ही डिस्क पूररेषेत नकोत. एक प्रत शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत आणि दुसरी दसरा चौकाजवळच्या सुतार वाड्यात ठेवली तर घरं वेगळी असली तरी पाणी दोन्हीकडं येतं. एक प्रत उंचावरच्या भागात, वरच्या मजल्यावर, आणि एक पुण्या-मुंबईतल्या नातेवाइकाकडं किंवा क्लाउडवर.

कॉपी करताना पडताळणी करणारं सॉफ्टवेअर वापरा, टेराकॉपीसारखं, म्हणजे प्रत्येक फाईल हुबेहूब उतरली का ते कळतं. त्याची चेकसमची यादी (चेकसम म्हणजे फाईलवरून काढलेला तिचा ओळख-आकडा, फाईल बदलली की तो बदलतो) फोल्डरमध्येच जपा, पुढच्या वर्षी एखादी फाईल आतून खराब झाली का ते त्यावरूनच सापडतं. पेनड्राइव्ह हे ने-आण करायचं साधन आहे, त्यावर संग्रह ठेवू नका.

९. लोकांसमोर ठेवताना

सगळं जपायचं, सगळं दाखवायचं नाही. लग्नपत्रिकेवर पत्ते आणि फोन नंबर असतात, मंडळाच्या जुन्या यादीत कुणी वर्गणी दिली नाही तेही असतं, शाळेच्या दाखल्यावर जात आणि जन्मतारीख असते. हयात माणसांची अशी माहिती झाका किंवा ती वस्तू बंद ठेवा. झाकाझाक फक्त दाखवायच्या प्रतीवर, मूळ फाईलला हात लावायचा नाही.

कुठं टाकायचं? फेसबुक पेज ओळख पटवून घ्यायला उत्तम, लोक खाली नावं सांगतात, पण तिथं फोटो दाबला जातो आणि शोधायला काही सापडत नाही. इंटरनेट आर्काइव्हवर मोठ्या फाईली आणि पीडीएफ नीट राहतात. विकिमीडिया कॉमन्सवर टाकलं की कुणीही, धंद्यासाठीसुद्धा वापरू शकतं, ते देणाऱ्याला आधी समजावून सांगा. स्वतःची साईट करायची तर ओमेकासारखं फुकट सॉफ्टवेअर आहे, पण ते वर्षानुवर्षं सांभाळणारा माणूस नसेल तर त्या फंदात पडू नका. संग्रह मोठा झाला तर करवीर नगर वाचन मंदिर, शिवाजी विद्यापीठाचं ग्रंथालय, कोल्हापूर पुराभिलेखागार इथं जाऊन एक प्रत घ्याल का म्हणून विचारा.

लोकांनी खाली सांगितलेली नावं थेट नोंदीत घालायची नाहीत. वेगळ्या रकान्यात, सांगणाऱ्याच्या नावासह आणि दुसऱ्या कुणी दुजोरा दिला तरच वर.

१०. मूळ वस्तू परत

ठरलेल्या तारखेला, नंबर मोजून, सही घेऊन. पेनड्राइव्हवर त्यांची प्रत द्या, एक चांगली प्रिंट दिली तर घरात आनंद होतो आणि शेजारचं कपाटही उघडतं. नव्या पाकिटांतच परत करा आणि लॉफ्टवर, बाथरूमला लागून असलेल्या भिंतीत किंवा देवघरातल्या दिव्याजवळ ठेवू नका म्हणून सांगा. डांबरगोळ्या फोटोंना चिकटून नकोत. स्कॅन झालं म्हणून मूळ टाकून देऊ नका, हे प्रत्येक घरात सांगावं लागतं.

पूर आला तर

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. तुमचा भाग पाण्याखाली जाणारा असेल तर ३९ ची बातमी आली की पेट्या वर हलवा, ४३ ची वाट बघू नका.

भिजलंच तर पहिले ४८ तास महत्त्वाचे, त्यानंतर बुरशी धरते. चिकटलेले फोटो कोरडे असताना ओढू नका. चिखल लागलेले छापील फोटो थंड, स्वच्छ पाण्याच्या ट्रेमध्ये हलवून चिखल सुटू द्या, चोळू नका, मग कोऱ्या कागदावर चित्राची बाजू वर ठेवून सावलीत, पंख्याच्या हवेत वाळवा. ऊन नको, हेअर ड्रायर नको, इस्त्री तर अजिबात नको. शाई पसरणारे हस्तलिखित कागद धुवू नका. एकदम खूप वस्तू असतील तर पिशव्यांत थोडे थोडे भरून फ्रीजरमध्ये ठेवा, खराब होणं तिथं थांबतं आणि काम नंतर सावकाश करता येतं. काचेच्या निगेटिव्ह मात्र फ्रीजरमध्ये घालायच्या नाहीत.

वर्षातून एकदा

एक दिवस ठरवा, पावसाळ्याआधीचा, मे महिन्यातला. तिन्ही प्रती उघडा, चेकसम जुळवा, एक्सेल उघडतंय का बघा, डिस्क पाच वर्षांची होत आली असेल तर नवी घ्या. पासवर्ड आणि डिस्क कुठं आहेत हे किमान दोन माणसांना माहीत हवं, त्यातला एक पंचवीसच्या आतला असू दे. आणि "माणूस: माहीत नाही" असं लिहिलेल्या नोंदींची प्रिंट काढून तालमीत जेष्ठांसमोर ठेवा, त्यातली काही नावं दरवर्षी सापडतात.